‘आजाऱ्याच्या खोलीतला मृत्यू’: एक चित्र ऐकण्याजोगं करतानाच्या नोंदी

९ जून २०२४, मिरज

मामांना आता उजेड आहे की नाही एवढंच कळतं. काचबिंदूनं डावा डोळा आधी नेला, उजवा गेल्या वर्षी. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांचे बोर्ड रंगवले, शाळा-दवाखान्यांच्या भिंती रंगवल्या. गल्लीत अजून त्यांना नावानं कोणी हाक मारत नाही, सगळे ‘पेंटर’च म्हणतात.

आज जेवण झाल्यावर म्हणाले, "तू शाळेत पोरांना चित्रं समजावतेस ना? मला एक सांग. नाव-गाव, साल असलं नको. रंग सांग."

मी विचारलं, कोणतं चित्र हवं? म्हणाले, "देवादिकांचं नको, डोंगर-नदी नको. खोली असू दे. खोली असली की मला उभं राहायला जागा मिळते."

ठरलं ते असं: एका चित्राचं दहा-बारा मिनिटांचं वर्णन लिहायचं, माझ्या आवाजात रेकॉर्ड करायचं आणि त्यांच्या फोनवर टाकायचं. दर रविवारी कोल्हापूरहून मिरजेला जातेच, तेव्हा कच्चा मजकूर वाचून दाखवायचा. कामाच्या नोंदी या वहीत.

१० जून

चित्र निवडलं. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक, ‘आजाऱ्याच्या खोलीतला मृत्यू’, १८९३. नॉर्वेजियन नाव ‘डेडन इ सीकेव्हेरेल्सेट’. ऑस्लोच्या नॅशनल म्युझियममधली प्रत धरून चालणार आहे. टेम्परा आणि क्रेयॉन, कॅनव्हासवर. उंची साधारण दीड मीटर, रुंदी त्याहून वीतभर जास्त. म्हणजे मामांच्या मधल्या खोलीच्या दारापेक्षा बरंच बुटकं, पण रुंदीला दोन दारांएवढं. ही तुलना वर्णनात घ्यायची.

कला-इतिहासाच्या पुस्तकांत मुंक अभिव्यक्तिवादाच्या प्रकरणात येतो. जर्मनीत ड्रेस्डेनला ‘ब्र्युके’ गट स्थापन झाला १९०५ साली, म्हणजे हे चित्र त्याच्या बारा वर्षं आधीचं. त्या तरुण चित्रकारांना जे हवं होतं ते मुंकनं आधीच करून ठेवलेलं होतं. वस्तूचा रंग दिसतो तसा लावायचा नाही, आठवतो तसा लावायचा. मामांना वाद-पंथ सांगणार नाही. ही एक गोष्ट मात्र त्यांच्यापर्यंत पोचली पाहिजे.

१३ जून

चित्रात काय आहे ते आधी साध्या शब्दांत उतरवून काढलं.

मागे उजवीकडे एक उंच पाठीची वेताची खुर्ची. तिची पाठ आपल्याकडे. खुर्चीत सोफी आहे, मुंकची मोठी बहीण, पण ती आपल्याला दिसत नाही. खुर्चीजवळ कारेन मावशी वाकून उभी. तिच्या मागे दाढीवाले वडील, हात जोडलेले. उजव्या कोपऱ्यात पलंग. पुढे, आपल्या जवळ, तिघांचा घोळका: लाउरा बसलेली, मान खाली, हात मांडीत. इंगेर उभी, चेहरा थेट आपल्याकडे. आणि एक पुरुष, तोंड खुर्चीकडे वळवलेला, बहुधा एडवर्ड स्वतः. डाव्या कडेला धाकटा भाऊ आंद्रेआस भिंतीला हात टेकून, जणू दाराकडे निघालेला.

मग तारखा मांडल्या आणि तिथंच बराच वेळ गेला. सोफी वारली १८७७ साली, पंधराव्या वर्षी, क्षयानं. त्या वेळी एडवर्ड तेरा वर्षांचा, आंद्रेआस बाराचा, लाउरा दहाची, इंगेर नऊची. चित्रात मात्र एकही मूल नाही. सगळी मोठी माणसं आहेत, १८९३ मध्ये ती जेवढी होती तेवढी. इंगेर पंचवीस वर्षांची बाई आहे. आणि हात जोडून उभे असलेले वडील, डॉक्टर क्रिस्तियान मुंक, ते तर १८८९ मध्येच गेलेले. मरणाऱ्या मुलीसाठी प्रार्थना करणारा हा बाप चित्र काढलं तेव्हा स्वतःच हयात नव्हता.

म्हणजे ही सोळा वर्षांपूर्वीची खोली आणि तिच्यात आजची माणसं. ‘मी दिसतं ते रंगवत नाही, पाहिलेलं रंगवतो’, अशा अर्थाचं मुंकचं एक वाक्य फार उद्धृत होतं. ते मला आजवर घोषणेसारखं वाटायचं. या तारखा कागदावर शेजारी-शेजारी लिहिल्यावर ते अगदी शब्दशः खरं आहे हे कळलं. सगळी वाढली, म्हातारी झाली, गेली. सोफी तेवढी पंधराचीच राहिली. तिचा चेहरा न दाखवण्याचं कारण मला तरी यातच दिसतं. तो कुठल्या वयाचा काढायचा?

१६ जून, मिरज

पहिला मजकूर वाचून दाखवला. जमला नाही.

मी सुरुवात केली होती, "खोलीत एक उदास, गूढ वातावरण आहे. जमीन केशरी आहे. भिंती हिरव्या आहेत." मामांनी हात वर करून थांबवलं.

"उदास तू म्हणतेस. मला अजून काही दिसलेलंच नाही. आणि केशरी म्हणजे? जिलबीचा? झेंड्याचा? लग्नघरासारखी दिसायला लागली की ही खोली."

बरोबर होतं. केशरी म्हटलं की आपल्याकडे ताट, फेटा, पताका डोळ्यांपुढं येतात. शेंदरी म्हटलं तर मारुती येतो. या रंगांना आपल्याकडे मंगलाचा वास आहे. नॉर्वेतल्या त्या खोलीत मला तो चालणार नव्हता.

‘उदास’चं तर त्याहून वाईट. ऐकणाऱ्याला आधीच सांगून टाकलं, आता उदास व्हा. मग पुढचं ऐकायचं कशाला?

नियम केला: वर्णनात भावनेचा एकही शब्द येणार नाही. उदास, भयाण, करुण, गूढ, सगळे बाद. जे आहे ते जागेवर ठेवून सांगायचं.

१८ जून

संध्याकाळी पोस्टर कलर काढून पुठ्ठ्यावर पट्ट्या केल्या. जमिनीच्या रंगाला मराठी शब्द शोधायचा तर आधी रंग डोळ्यांपुढं हवा.

पहिली पट्टी: नारिंगी आणि थोडा बर्न्ट सिएना. फार तजेलदार झाली. दुसरीत यलो ओकर वाढवलं. तिसरीत चिमूटभर हिरवा टाकून मारली, तेव्हा जवळ आली. शब्द लिहीत गेले: विटकरी, गेरूचा, तांबूस, कौलारू, करपट नारिंगी. ‘विटकरी’ जवळचा, पण भाजलेल्या पक्क्या विटेत लाल जास्त असतो. ‘गेरू’ म्हटलं की कुंडी आणि तुळशीवृंदावन. शेवटी माझ्या मते उन्हापावसात राहिलेल्या मंगळुरी कौलाचा रंग. त्यात नारिंगी असतो पण मरगळलेला, वर धुळीची आणि शेवाळाची साय. मामांनी अशी कौलं आयुष्यभर पाहिली आहेत.

टेम्पराला तेलरंगासारखी चकाकी नसते. रंग कोरडा, खडूसारखा बसतो आणि त्यावर क्रेयॉनच्या रेघा. चुना दिलेल्या भिंतीसारखा. ‘इनॅमल नाही, डिस्टेंपर’ असं सांगितलं की मामांना एका शब्दात कळेल.

२२ जून

हिरव्यावर दोन दिवस अडकले.

माझ्याकडे या चित्राच्या चार प्रतिमा आहेत. दोन छापील, दोन स्क्रीनवरच्या. एकीत भिंत शेवाळी, दुसरीत निळसर, तिसरीत जवळजवळ राखाडी, आणि जुन्या पुस्तकातल्या प्लेटमध्ये कागदच पिवळा पडलाय म्हणून पोपटाकडे झुकलेली. त्यातून मुंकनं हाच विषय पुन्हा पुन्हा केला. मुंक म्युझियममध्येही याची चित्रं आहेत आणि १८९६ चा लिथोग्राफ (दगडावरून छापलेलं चित्र) आहे. मग खरा हिरवा कुठला?

चारही प्रतिमा टेबलावर शेजारी ठेवल्या. हिरवा प्रत्येकीत वेगळा. पण प्रत्येकीत भिंत जमिनीपेक्षा थंड आहे. प्रत्येकीत जमीन पुढं येते आणि भिंत मागं सरकते. चेहऱ्यांत भिंतीतला थोडा हिरवा-पिवळा उतरलाय, गाल जमिनीकडून काहीच उसनं घेत नाहीत. हे चारही ठिकाणी तसंच. तेव्हा रंगाची नेमकी छटा सांगण्याचा हट्ट सोडला. कोण कोणापेक्षा गरम, कोण कोणाला ढकलतं, कोणाचं कोणात मिसळलंय, ते सांगायचं.

२३ जून, मिरज

आज मी बोलले कमी, मामाच जास्त बोलले.

भिंत हिरवी म्हटल्याबरोबर त्यांनी विचारलं, "कमरेपर्यंत ऑइलपेंट आणि वर चुना, तसली? सरकारी दवाखान्याची?" त्यांनी अशा किती भिंती रंगवल्या असतील. हाताचे डाग पुसले जावेत म्हणून खाली तेलरंगाचा पट्टा, वर पांढरं. त्यांच्या मनातली आजाऱ्याची खोली आपोआप तीच झाली.

आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याही मनात तीच होती. हिरवी भिंत, आजारपण, दवाखाना, ही साखळी मी मुंकच्या माथी मारत होते. खरं तर दवाखान्यात हिरवा आला तो विसाव्या शतकात. शस्त्रक्रियेच्या खोलीत पांढऱ्याच्या झगमगाटानं आणि सतत लाल बघून डॉक्टरांचे डोळे थकायचे, म्हणून लालाचा विरोधी रंग आणला गेला. मुंकची खोली क्रिस्तियानियातल्या एका लष्करी डॉक्टरच्या घरातली. (आजच्या ऑस्लोचं तेव्हाचं नाव.) तिथं हिरवा ‘दवाखाना’ असं बोलूच शकत नव्हता.

मी हे सांगितल्यावर मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "मग दवाखाना सोड. हिरव्याशेजारी ते कौलाचं नारिंगी कसं बसवलंय ते सांग. मधी रेघ आहे का?"

"का?"

"अगं, हिरव्या बोर्डावर लाल अक्षर टाकलं की नाचतं. वाचता येत नाही, डोळा टिकत नाही. गिऱ्हाईक हट्ट करायचं, मग आम्ही मधी काळी नाहीतर पांढरी आउटलाइन मारायचो. त्याशिवाय अक्षर गप उभं राहत नाही."

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरलनं हेच १८३९ मध्ये जाड ग्रंथ लिहून मांडलं. विरोधी रंग शेजारी आले की दोन्ही एकमेकांना पेटवतात. मामांना ते पी.ओ. रेडच्या, म्हणजे पोस्टाच्या पेटीच्या लाल रंगाच्या, डब्यानं शिकवलं.

परत येताना गाडीत प्रतिमा काढून बघितली. मधी रेघ नाही. काळी माणसं आहेत. जमिनीचा नारिंगी आणि भिंतीचा हिरवा जिथं भिडले असते, तिथं बऱ्याच ठिकाणी कोणाचा तरी काळा-निळा कपडा उभा आहे. मामांच्या आउटलाइनचं काम या खोलीत घरची माणसं करतायत. आणि जिथं माणूस नाही, तिथं दोन्ही रंग उघडे भिडतात, तिथं डोळा टिकत नाही.

मी हे चित्र कॉलेजात असल्यापासून बघतेय. हे कधी दिसलं नव्हतं.

२६ जून

थोडं बाजूला जाऊन व्हॅन गॉगची आर्लची शयनखोली पाहिली, तुलनेसाठी. १८८८ च्या ऑक्टोबरात त्यानं भाऊ थिओला पत्रात रंगांची यादीच दिली आहे: भिंती फिकट जांभळ्या, जमीन लाल फरशीची, पलंग आणि खुर्च्या ताज्या लोण्याच्या पिवळ्या. या रंगांनी विश्रांती सुचवावी, असा त्याचा हेतू. आज त्या भिंती निळ्या दिसतात, कारण जांभळ्यातला लाल रंग उजेडानं उडून गेला. निळ्या-पिवळ्याच्या त्या झगड्यावर नंतरच्या लोकांनी चित्रकाराच्या मनाची अस्वस्थता वाचली. त्यातली काही अस्वस्थता नुसती उडालेल्या रंगाची असेल.

मुंकच्या वर्णनात हे येणार नाही. माझ्यापुरती सावधगिरी म्हणून लिहून ठेवलं.

२९ जून

आज लिथोग्राफ. १८९६, काळ्या शाईतला. रंग काढून घेतला तर या खोलीचं काय होतं, ते बघायचं होतं.

सगळ्यांचे कपडे एकमेकांत वितळून एकच काळा ढीग होतो आणि त्यातून चेहरे आणि हात पांढरे सुटून निघतात. जोरकस आहे. इंगेरचा चेहरा तर रंगचित्रापेक्षा जास्त टोचतो. पण काहीतरी निघून गेलं, आणि काय ते शोधायला वेळ लागला.

निघून गेली ती जमीन. लिथोग्राफमध्ये जमीन ही माणसांच्या मधली जागा आहे, तेवढीच. रंगचित्रात ती खोलीतली सर्वांत ऊबदार गोष्ट आहे. माणसं काळी, चेहरे फिकट, भिंत थंड, आणि पायाखाली हा एवढा मोठा उबदार तुकडा, ज्यावर कोणीच नाही. ऊब कोणाच्या अंगात नाही, जमिनीत आहे. ती वर चढत नाही. जमीन रंगवलीय पण तिरकी, मागं वर उचललेली, आपण उंचावरून बघतोय अशी. त्यामुळं ती जास्तच पसरते.

आतापर्यंत मी ‘जमीन केशरी’ असं दोन शब्दांत उरकत होते. वर्णनाचा निम्मा भाग तिला द्यायला हवा.

३० जून

पाऊस. मिरजेला गेले नाही. मामांना फोनवर काळ्या कपड्यांचं विचारलं. काळा म्हटल्यावर त्यांना आधी संक्रांत आठवली, आजीची चंद्रकळा. म्हणजे इथंही सांगावं लागेल: त्यांच्याकडे काळा हा शोकाचा. आपल्याकडचा पांढरा. आणि सोफी अजून गेलेली नाही, किंवा आत्ता जातेय, तरी सगळ्यांच्या अंगावर शोकाचे कपडे आहेत. सुतक आधीच धरलेलं.

५ जुलै

शब्दांनी जागा कळेना म्हणून हातानं चाचपायचा एक पुठ्ठा केला. दोन फूट बाय पावणेदोन.

माणसांच्या बाह्यरेषा सुतळीनं, फेविकॉलवर. कपड्यांना मखमलीचे तुकडे, म्हणजे काळ्याचा जडपणा बोटांना लागेल. भिंतीला बारीक पॉलिश पेपर, थंड आणि किंचित खरखरीत. चेहऱ्यांना नुसता गुळगुळीत कार्डपेपर. खुर्चीला वेत हवा होता. इथल्या खुर्च्या विणणाऱ्यांकडे गेले, त्यांनी कापलेले तुकडे असेच दिले. पाठ विणायला एक अख्खी संध्याकाळ गेली. जाळी जमली.

वेताच्या खुर्चीचं महत्त्व आहे. सोफीला शेवटी पलंगावरून उठवून खुर्चीत बसवलं होतं. ती खुर्ची मुंकनं शेवटपर्यंत जवळ ठेवली, आणि १९४४ मध्ये तो गेल्यावर ती आता ऑस्लोच्या मुंक म्युझियममध्ये आहे.

जमिनीला काय लावावं कळेना. वाळू लावून बघितली, काढली. लोकर लावली, फारच लाड झाले. शेवटी काहीच लावलं नाही. कोरा पुठ्ठा.

७ जुलै, मिरज

पुठ्ठा मामांच्या मांडीवर ठेवला आणि मी काही सांगितलं नाही.

त्यांनी खालच्या कडेपासून सुरुवात केली. लाउराची खाली गेलेली मान सापडली, मग इंगेर. इंगेरच्या चेहऱ्यावर अंगठा थांबला. "ही माझ्याकडे बघतेय." मी हो म्हटलं. "बाकीचे?" कोणीच नाही. त्यांनी एकेकाचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते तपासलं. "एकमेकांकडंही नाहीत?" नाहीत.

मग बोट उजवीकडे सरकलं, जमिनीवर. कोरा पुठ्ठा. बोट फिरत राहिलं. खाली, उजवीकडे, परत मधे. सापडेना. "इथं कोणी नाही का गं?" नाही. बोट बराच वेळ मोकळ्या जागेत फिरलं आणि मग वर खुर्चीच्या वेताला लागलं. जाळीवरून दोनदा फिरलं. पाठीच्या पलीकडे जायला बघत होतं. पलीकडे मी काही केलेलंच नव्हतं, चित्रातही नाही.

"हिच्यात ती पोरगी?"

"हो."

"आणि दिसत नाही."

"नाही."

बाकी काही बोलले नाहीत. पुठ्ठा खाली ठेवायला मी हात पुढं केला तर तो धरून ठेवला आणि डावीकडच्या आंद्रेआसवर आले. भिंतीला टेकलेला हात सापडला. "हा निघालाय बाहेर." थोड्या वेळानं म्हणाले, "आई गेली तेव्हा मी अंगणात सायकलची चेन बसवत होतो. सगळ्यांना वाटलं मला कळलं नाही. कळलं होतं."

आजीबद्दलची ही गोष्ट घरात कोणाला ठाऊक नसावी. निदान मी तरी पहिल्यांदा ऐकली.

१० जुलै

मजकूर पूर्ण नव्यानं लिहिला. क्रम मामांच्या बोटाचा ठेवला: आधी इंगेरचा चेहरा, मग जमीन, मग खुर्चीची पाठ, मग मागचे दोघे, पलंग, आणि शेवटी दाराकडे निघालेला भाऊ. पुस्तकी क्रमात नेहमी खुर्ची आधी येते, कारण ‘विषय’ तिथं आहे. बघणारा तिथं आधी पोचत नाही.

१८८९ च्या सुमारास पॅरिसजवळ सँ-क्लूला राहत असताना मुंकनं लिहून ठेवलं होतं की यापुढं वाचत बसलेल्या माणसांची आणि विणणाऱ्या बायकांची अंतर्गृहं काढायची नाहीत. श्वास घेणारी, सोसणारी, प्रेम करणारी जिवंत माणसं काढायची. ते पॅरिसजवळचे दिवस त्याच्या वडिलांच्या मृत्यूनंतर लगेचचे. खोल्या काढणं त्यानं थांबवलं नाही. खोलीत काय घडतं ते बदललं. १९०६ मध्ये बर्लिनला माक्स राइनहार्टनं इब्सेनचं ‘गेंगांगेरे’ (इंग्रजीत ‘घोस्ट्स’) हे नाटक बसवलं तेव्हा खोलीची चित्रं मुंककडूनच करून घेतली. नाटकवाल्यांना त्याच्या खोल्या कळल्या होत्या: भिंतीचा रंग आणि एक खुर्ची एवढ्यावर माणसं कशी उभी राहतील ते ठरतं.

जमिनीचा परिच्छेद आता असा आहे:

"इंगेरपासून आपल्या उजव्या हाताला जमीन सुरू होते. तिचा रंग जुन्या मंगळुरी कौलाचा. पावसाळे खाल्लेला नारिंगी, चकाकी नाही, डिस्टेंपरसारखा कोरडा. खोलीत गरम रंग एवढाच आहे. भिंत शेवाळी, थंड, मागं सरकलेली. माणसं काळ्या-निळ्या कपड्यांत. ती जिथं उभी आहेत तिथं हे दोन रंग एकमेकांपासून लांब राहतात. जिथं कोणी नाही तिथं भिडतात. तुमच्या बोर्डावर हिरव्यात लाल अक्षर जसं नाचायचं, तसं तिथं होतं. ही जमीन बरीच मोठी आहे. हिच्यावर कोणी उभं नाही. कोणी हिच्याकडे बघत नाही."

‘करुण’ एकदाही नाही. वाचून बघितलं, कमी पडलं नाही.

१४ जुलै, मिरज

रेकॉर्डिंग ऐकवलं. अकरा मिनिटं. मामांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या.

पहिली: वडिलांच्या जोडलेल्या हातांबद्दल मी म्हटलं होतं, ‘ते प्रार्थना करत आहेत’. "हात जोडलेत एवढंच सांग. प्रार्थना करतायत की हाताला काही काम उरलं नाही, ते मी ठरवीन." घरात स्वतः डॉक्टर असलेला बाप, आणि १८७७ साल. कॉखनं क्षयाचा जंतू दाखवला १८८२ मध्ये, औषध त्यानंतर साठ वर्षांनी. या माणसाच्या हातांना खरोखरच काही काम उरलेलं नव्हतं. पण मामांना यातलं काही मी सांगितलेलं नव्हतं. वाक्य बदललं.

दुसरी: "जमिनीनंतर लगेच खुर्ची सांगू नकोस. तिथं जरा थांब. माझं बोट किती वेळ फिरत होतं?"

१७ जुलै

आषाढी. शाळेला सुट्टी. दुरुस्त्या केल्या.

थांबण्याची जागा करायला वेळ लागला. फोनवरचं ॲप शांतता दिसली की ती आपोआप कापून टाकतं. सेटिंग शोधून ते बंद केलं. नुसती कोरी शांतता घातली तर फोन बंद पडल्यासारखं वाटत होतं. म्हणून माझ्या खोलीचाच आवाज घेतला: पंखा आणि बाहेरचा पाऊस. नऊ सेकंद ठेवले. पाच कमी वाटले, बारा झाल्यावर माझंच लक्ष खुर्चीवरून उडालं.

२१ जुलै, मिरज

अंतिम फाइल मामांच्या फोनवर टाकली. त्यांनी ती लागोपाठ दोनदा ऐकली, पुठ्ठा मांडीवर घेऊन. नऊ सेकंदांत त्यांचं बोट कोऱ्या जमिनीवर होतं आणि माझा आवाज परत आला तेव्हा ते वेताला टेकत होतं.

पुढचं चित्र त्यांनीच ठरवलं. "त्या पोरीचं तोंड बघायचंय मला."

म्हणजे ‘आजारी मुलगी’. पहिली आवृत्ती १८८५-८६ ची, आणि मग चाळीस वर्षांत पुन्हा पुन्हा, एकूण सहा. तीत सोफी उशीला टेकून बसलीय, चेहरा बाजूनं दिसतो, शेजारी मान खाली घातलेली बाई. पहिल्या आवृत्तीत रंग खरवडून, पुन्हा लावून, पुन्हा खरवडलेला आहे. पुठ्ठ्यावर ते कसं दाखवायचं बघावं लागेल.

तिचे केस लाल आहेत. लाल म्हटलं की मामा पी.ओ. रेड धरतील, आणि मेंदीचे म्हटलं तर म्हातारी डोळ्यांपुढं येईल. उद्यापासून त्याच्या पट्ट्या करायला घेते.